कोठडीपलीकडचं स्वयंपाकघर

आयर्लंडला मी कधी गेले नाही, आणि आता काही जाणारही नाही. तरी तिथल्या एका खेड्यातल्या पोलीस ठाण्याचा प्लॅन मी आजही न अडखळता काढून देईन. मधोमध पुढचं दार. दारावर निळ्या काचेचा कंदील. आत शिरलं की उजव्या हाताला शिपायांची खोली, तिच्यात शेकोटी, लांब टेबल आणि भिंतीला लावलेलं बाक. तिच्या मागे कोठडी. डाव्या हाताला, त्याच छपराखाली, सार्जंटचं बिऱ्हाड. खाली बसायची खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, वर निजायच्या दोन खोल्या. कोठडी आणि स्वयंपाकघर एकमेकांना चिकटून, मध्ये फक्त एक भिंत. त्या भिंतीबद्दल मी एका म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलले.

हे घडलं मिशिगनमधल्या नोव्हायला, पब्लिक लायब्ररीत. दोन हजार चार सरून पाच लागलं होतं. माझी मुलगी पाच महिन्यांची. नवरा गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअरवाला आणि त्याच्या व्हिसावर टांगलेली मी. डिपेंडंट! त्या व्हिसावर राहायचं, खायचं, पोरं काढायची, नोकरी मात्र करायची नाही. नागपूरला सहा वर्षं मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होते. सरकारी इमारतींच्या दुरुस्तीची कामं यायची आणि मापं घ्यायला मला पाठवायचे, कारण शिपायांच्या बायका आपल्या क्वार्टरमध्ये परक्या पुरुषाला फिरू देत नसत. किती ठाणी मोजली असतील मी! टेपचं एक टोक कोठडीच्या गजाला अडकवायचं आणि दुसरं हातात धरून मागे मागे जायचं. कधीकधी आतला आरोपीच टोक धरायचा बिचारा. इथे आले आणि ते सगळं संपलं.

तेव्हा मी कशी होते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी सातव्या महिन्यात असताना माझे बाबा गेले. मला ते साडेतीन महिन्यांनी कळलं. पोटुशीला असलं काही सांगायचं नाही आणि बाळंतिणीला तर नाहीच, असं आमच्याकडे सगळेच मानतात. आईने ठरवलं, भावाने ठरवलं, नवऱ्याने मान डोलावली. मी फोन केला की आई म्हणायची, "बाबा आंघोळीला गेलेत." कधी फिरायला गेलेले असत, कधी झोपलेले, पण बहुतेक वेळा आंघोळीला. "अगं, किती आंघोळी करतात?" असं म्हणून मी हसलेसुद्धा आहे. आई बाळंतपणाला येणार होती ती आली नाही. बाबांचा गुडघा फार दुखतोय, म्हणाली. मग सासूबाई आल्या. त्यांनाही माहीत होतं.

आणि डोहाळजेवण! बाबा जाऊन बारा दिवस झाले होते. हॉल कधीचा बुक केलेला, बायकांनी पदार्थ वाटून घेतलेले. कॅन्सल केलं तर हिला संशय येईल, म्हणून केलंच. हिरवी साडी, फुलांचे दागिने, दोन झाकलेल्या वाट्या. मी उघडली तिच्यात बर्फी निघाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओटी भरताना एका काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, काय माया आहे बाईंची. त्या हॉलमधल्या प्रत्येकीला माहीत होतं. नवरा फोटो काढत होता.

सव्वा महिना झाल्यावर एका रविवारी सकाळी त्याने मला सोफ्यावर बसवून सांगितलं. मी "बरं" म्हटलं, उठले आणि बाळाच्या बाटल्या धुतल्या. रडू आलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. रागाने डोकं फिरायला हवं होतं, तेही नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही ना, तशी मी अख्खीच झाले होते. कुकर लावायचा, डायपर बदलायचा, खिडकीतून पार्किंगमधला बर्फ बघायचा. भावाला फोनवर विचारलं, "शेवटी त्रास झाला का रे?" तो म्हणाला, "छे गं, अगदी शांत गेले." बाबा बागेत पाणी घालतायत, असंही मला त्यानेच सांगितलं होतं. तेव्हा बाबांना जाऊन महिना झालेला होता. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

लायब्ररी आमच्या अपार्टमेंटपासून चालत दहा मिनिटांवर. मला ड्राइव्ह करता येत नव्हतं. बाळाला चार कपड्यांत गुंडाळायचं, स्ट्रोलरमध्ये घालायचं आणि निघायचं, एवढी एकच गोष्ट मी आपण होऊन करत होते. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी एक आजोबा बसलेले असत. ऐंशीच्या घरातले, उंच, जाडजूड बोटांचे. समोर ग्राफपेपर, पट्टी आणि तीन फोटो. फोटो बघताना ते मान वाकडी करून भलतीकडेच बघत. पुढे कळलं की त्यांच्या दोन्ही डोळ्यांत बरोबर मधोमध काळा डाग होता. कडेकडेने थोडं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नसे.

एकदा त्यांच्या मागून जाताना माझी कागदावर नजर पडली. त्यांनी जिना काढला होता आणि तो थेट धुराड्यातून वर जात होता. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "तिथे जिना बसणार नाही."

ते वळले. "का बरं?"

"मागे शेकोटी आहे ना. लोक भाजतील."

ते एवढ्यांदा हसले की काउंटरवरच्या बाईने वर बघितलं. "चाळीस वर्षं मी मोटारींच्या कारखान्यात टूलमेकर होतो," ते म्हणाले. "एका केसाचा फरक पडू दिला नाही कधी. आणि आता बघ, स्वतःच्या आईला जिन्यावरून विस्तवात पाठवतोय." मग त्यांनी विचारलं, "तुला येतं का हे?"

"माझं कामच होतं ते," मी म्हटलं. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि खुर्ची ओढून बसले.

मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता, असं आमचं ठरून गेलं. त्यांचे वडील त्या ठाण्याचे सार्जंट होते आणि ते स्वतः वरच्या खोलीत जन्मले होते. विशीत देश सोडून इकडे आले, परत कधी गेले नाहीत. बायको वारलेली, मूलबाळ नाही, आमच्या रस्त्यापलीकडे म्हाताऱ्या लोकांचे अपार्टमेंट्स होते तिथे एकटे राहत. मी मनात त्यांना आजोबाच म्हणायचे. तोंडावर काहीच म्हणत नसे, कारण एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. ते मला पोरी म्हणत.

ठाण्याचा नकाशा कुठेच मिळाला नव्हता. आमच्याकडे होते ते तीन फोटो आणि त्यांची आठवण. पहिला फोटो पुढून काढलेला. पाटीच्या काळ्या दगडाचं छप्पर, दोन्ही टोकांना धुराडी, चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, आणि दारात सगळं कुटुंब ओळीने उभं. दुसरा मागच्या अंगणातला. आई कोंबड्यांना दाणे टाकतेय आणि तिच्या मागे दोन खिडक्या, एकीला पडदा, दुसरीला गज. तिसरा अलीकडचा, गावातल्या कुणीतरी पाठवलेला. ठाणं पाडायला घेतलं होतं तेव्हाचा. मागची भिंत अर्धी ढासळलेली आणि आतल्या खोल्या उघड्या पडलेल्या.

आईची उंची पाच फूट दोन इंच, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग काय, आईचीच आम्ही पट्टी केली. दार म्हणजे सव्वा आई, खिडकीची खालची कड आईच्या कमरेला. जिथे फोटो पुरत नसे तिथे ते उठून चालून दाखवत. पुस्तकांच्या दोन कपाटांमधल्या वाटेत डोळे मिटून उभे राहत आणि म्हणत, "हा माझा पलंग. आता मी सात वर्षांचा आहे. दारापर्यंत नऊ पावलं." मग सात वर्षांच्या पोराची पावलं टाकत ते साडेसहा फुटी गृहस्थ चालत आणि मी मागून टेप धरून. लोक बघायचे. बघू देत, आम्हाला काय!

मला ते ठाणं फार ओळखीचं वाटत होतं. वाटणारच, आमचीही जुनी ठाणी त्याच इंग्रज साहेबाने बांधलेली. व्हरांडा काढून टाका, धुराडी बसवा, कौलांच्या जागी पाटीचा दगड घाला की झालं. पुढून बघावं तर एखाद्या मास्तरचं घर वाटेल, मागे गेलं की गज. कोठडीतल्या माणसाचं जेवणही सार्जंटची बायकोच करायची, म्हणून स्वयंपाकघर कोठडीला लागून. आमच्याकडेही एका ठाण्यात मी ते पाहिलं होतं. फौजदारीणबाई खिडकीतून चहा द्यायच्या. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. त्या सकाळी घरी जाताना मला भूक लागली होती. बऱ्याच महिन्यांनी लागली होती, म्हणून लक्षात राहिली.

फेब्रुवारीत प्लॅन होत आला. खालचा मजला, वरचा मजला, चारी बाजूंची चित्रं. एवढीच एक भिंत राहिली, कोठडी आणि स्वयंपाकघर यांच्या मधली. दोन-तीनदा मी तिच्याकडे वळले की ते म्हणत, "ती शेवटी." त्या मंगळवारी त्यांनी स्वतःच विषय काढला.

"एकदा जनावरांचा बाजार होता," ते म्हणाले. "तिथे मारामारी झाली. शिपायांनी एका गड्याला आणून कोठडीत टाकलं, कुलूप घातलं आणि सगळे परत बाजारात गेले. माझे वडीलही. दुपारभर ठाण्यात कोणी नव्हतं. संध्याकाळी दार उघडलं तर तो मेलेला. डोक्याला आतून मार लागला होता."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"चौकशी झाली. आईला विचारलं, तुम्ही दुपारभर पलीकडे स्वयंपाकघरात होतात, काही ऐकू आलं का? तिने बायबलवर हात ठेवून सांगितलं की त्या भिंतीतून काही ऐकू येत नाही. मरेपर्यंत ती तेच म्हणाली." त्यांनी तिसरा फोटो माझ्यापुढे सरकवला. "यात त्या भिंतीची तुटलेली कड दिसते म्हणतात. मला दिसत नाही. ती बघ आणि सांग, पलीकडचं ऐकू आलं असतं की नाही. एवढं एकच मला मरायच्या आधी कळायला हवंय. बाकीचा प्लॅन नसला तरी चालेल."

म्हणजे हे सगळं एवढ्यासाठी होतं. मी काउंटरवरून भिंग मागून आणलं.

फोटो बरा होता. बाहेरच्या भिंती दगडी, चांगल्या दोन फुटांच्या. मधली भिंत मात्र विटांची. गिलावा पडला होता आणि विटा मोजता येत होत्या. एकावर एक, एकेरी. अर्ध्या विटेची भिंत, साडेचार इंच. आमच्याकडे संडास-बाथरूमच्या मध्ये घालतात तसली. वरची तुळई तिच्यावरून सरळ पलीकडे गेलेली. म्हणजे मुळात तिथे एकच मोठं स्वयंपाकघर होतं आणि त्यातूनच पुढे कधीतरी कोठडी कापून काढली होती. असल्या भिंतीतून पलीकडची शिंक ऐकू येते. मी असल्या भिंतींच्या अल्याड उभी राहिलेय आणि पलीकडच्या बायांचं अख्खं भांडण ऐकलंय. माणूस दार बडवत असेल तर न ऐकू येण्याचा प्रश्नच नाही.

मी वर बघितलं. मी त्यांना दिसावे म्हणून ते मान वाकडी करून, खिडकीकडे तोंड करून बसले होते. ऐंशी वर्षांचा माणूस, आई कधीच गेलेली, आता काय उपयोग? मी फार विचार केला असं म्हणणार नाही. तोंड आपोआप चाललं. म्हाताऱ्याचं मन मोडायचं नाही, आजाऱ्याला आजार सांगायचा नाही, हे आम्ही कुठे शिकायला जात नाही, ते अंगातच असतं.

"दगडी आहे," मी म्हटलं. "दोन फूट."

"नक्की?"

"नक्की. काहीसुद्धा ऐकू आलं नसतं. तुमच्या आई खरंच बोलल्या."

आणि लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं. छातीत काहीतरी ऊबदार हललं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. आपण कुणाला तरी सुख दिलं, असं वाटलं. त्यांना दिसावं म्हणून मी जाड काळा मार्कर घेतला आणि ती भिंत दोन फुटांची भरून काढली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. एकदा वरून खाली, मग खालून वर.

"बरं झालं," ते म्हणाले. बोट त्या भिंतीवरच होतं. मग म्हणाले, "मी टेबलाशी बसलो होतो ना, आई पावाचं पीठ मळत होती तिथेच. मला तो ऐकू येत होता. पाणी मागत होता. दारावर लाथा घालत होता. मी आईला म्हटलं, त्याला पाणी दे. ती म्हणाली, कुठे काय ऐकू येतंय, भास झाला तुला. खूप वेळ येत होता तो आवाज. मग थांबला."

मी मार्करला टोपण लावलं.

"बहिणीला सांगितलं, तीही म्हणाली भास. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, लहान होतास, वाईट स्वप्न पडलं असेल. पण मला वाटायचं, मी ऐकलंय. सत्तरच्या वर वर्षं झाली, मला तो अजून ऐकू येतो. म्हणून म्हटलं, कुणाला तरी भिंत मोजायला लावू." ते हसले, पण आवाजात जीव नव्हता. "म्हणजे मीच वेडा. चला, तेही कळलं."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. अहो, थांबा, मी खोटं बोलले, एवढंच म्हणायचं होतं. पण बाळ रडायला लागलं, मी तिला उचललं, आणि तोवर त्यांनी कागदाची गुंडाळी करून कोट चढवला होता. "फार छान काम केलंस, पोरी," असं म्हणून ते गेले.

गुरुवारी ते आले नाहीत. पुढच्या मंगळवारीही नाहीत. मी रोज जाऊन त्या टेबलाशी बसायचे. त्यांच्या घराचा नंबर माझ्याकडे नव्हता. रस्त्यापलीकडच्या ऑफिसात विचारलं तर तिथल्या मुलीने गोड हसून सांगितलं की रहिवाशांची माहिती देता येत नाही. दोन आठवडे गेले. त्यांचे फोटो त्या दिवशी माझ्याच फाइलमध्ये राहिले होते. एका शनिवारी मी डायनिंग टेबलावर नवा कागद पसरला आणि प्लॅन पहिल्यापासून काढायला घेतला, या वेळी साडेचार इंचांची भिंत घालून.

नवरा कॉफीचा मग घेऊन आला. "काय चाललंय?"

मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जाऊ दे ना यार. म्हातारा माणूस. आई चांगली होती असं वाटून मरेल बिचारा. आता कशाला सांगतेस? त्याला सहन नाही झालं तर?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! पट्टी माझ्या हातातून सुटून टाइल्सवर आपटली. "त्याला काय सहन होतं ते तू कोण ठरवणार?" मी ओरडले. "मला काय सहन होतं ते तू कोण ठरवणार होतास? माझा बाप मेला होता आणि तू माझे फोटो काढत होतास! बर्फी हातात धर म्हणालास, इकडे बघ म्हणालास!"

तो पांढराफटक पडला. "डॉक्टर म्हणाले होते बीपी वाढलंय. तुला काही झालं असतं तर? तुझी आई रडून सांगत होती. तुझ्यासाठीच केलं गं आम्ही."

"माहीत आहे माझ्यासाठी केलंत. आता मला हे सांग, बाबा शांत गेले हे खरं आहे?"

"हो."

"नक्की?"

"नक्की," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. मी पट्टी उचलली आणि काम पुढे चालू केलं. तेवढ्या दहा मिनिटांत जे काही जागं झालं होतं ते पुन्हा बधिर झालं.

त्यानंतरच्या मंगळवारी आजोबा आले. टेबलाशी बसले होते, समोर काहीच नव्हतं. फ्लू झाला होता म्हणाले. कोट अंगावर मोठा दिसत होता. मी स्ट्रोलर बाजूला लावला, खुर्चीवर बसले आणि कोट न काढताच बोलले.

"मी तुमच्याशी खोटं बोलले. भिंत दगडी नाहीच. विटेची आहे, अर्ध्या विटेची, साडेचार इंच. पलीकडचं सगळं ऐकू येतं तिच्यातून. तुम्हाला भास झाला नव्हता. तुम्ही ऐकलंत ते खरं होतं."

त्यांनी विचारलं, "कधी बघितलंस हे?"

"त्याच दिवशी."

"मग दोन फूट का म्हणालीस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"आणि आज का सांगतेस?"

"कारण ते खरं आहे."

"त्या दिवशी मी 'नक्की?' म्हणून विचारलं होतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू नक्की म्हणालीस. तेव्हा मला काय हवंय असं तुला वाटलं, ते तू दिलंस. आता मला खरं काय हवं होतं ते तुला माहीत आहे. मी इथे आजारी बसलोय. आणि तू ते घेऊन आलीस."

"नाही हो! देवाशपथ! हा फोटो बघा, विटा मोजता येतात." मी फोटो आणि भिंग त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी फोटो डोळ्यांशी नेला, मान इकडे केली, तिकडे केली. फोटो हळूच टेबलावर ठेवला.

"मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावते," मी म्हटलं. "काउंटरवरच्या त्या बाईंना बोलावते. त्या सांगतील काय दिसतंय ते."

"तीही भली बाई आहे," ते म्हणाले.

मी नवा प्लॅन त्यांच्यापुढे पसरला. बारीक दोन रेघांमधली भिंत त्यांना दिसणार नव्हतीच. त्यांनी खिशातून जुना प्लॅन काढला, नव्यावर ठेवला, दोन्हींच्या कडा अंगठ्याने बरोबर जुळवल्या आणि दोन्ही कागद घडी घालून माझ्या हातात दिले. "जिना मात्र तू अगदी बरोबर बसवलास," ते म्हणाले. बाळाच्या टोपीवर एकदा हात ठेवला आणि कपाटांच्या कडेला हात लावत लावत दाराकडे गेले.

ते पुन्हा आले नाहीत. जूनमध्ये आम्ही मिनेसोटाला ईडन प्रेरीत राहायला गेलो, तोवर मी रोज जाऊन बघत होते. ठाणं तर पाडून टाकलेलं, आई नाही, त्या दुपारचं दुसरं कोणी उरलेलं नाही. भिंत काय सांगते ते वाचणारी फक्त मीच होते, आणि माझ्या शब्दाला आता किंमत नव्हती. सातव्या वर्षी त्यांच्या आईने सांगितलं, भास झाला. ऐंशीव्या वर्षी तेच मी सांगितलं, मार्करने रंगवून. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून तर त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली होती.